उस्तादाचा वेणीपाव

“चोर! घरातच चोर पोसला मी!”

थोरल्याने धाकट्या भावाला कॉलर धरून भिंतीवर आदळलं. फळीवरचे डबे धडाधड खाली आले. मैद्याचा ढग उठला.

कोठीच्या कोपऱ्यात, रिकाम्या पोत्यांआड, एक घरगुती ब्रेड मशीन घरघरत होतं. आत पिवळसर गोळा फिरत होता. अंडी, तेल, थोडा मध. थोरल्याने वासावरूनच ओळखलं. त्याच्याच वेणीपावाचं पीठ.

बेकरी दोघांची, पण नाव थोरल्याचं. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणत. पहाटे तो पीठ मळायचा, ओल्या फडक्याखाली झाकायचा आणि चहाला घरी जायचा. दीड तासाने येऊन सहा-सहा पेडांच्या वेण्या घालायचा. रोज सहाच पाव. ठेवले की संपायचे. आज चष्मा विसरला म्हणून तो अर्ध्या वाटेतून परत आला होता.

“कुठल्या हॉटेलला विकतोस? बोल!”

“कुणालाच नाही, दादा.”

“मग पोत्यांआड काय मांजर पाळलंयस?”

धाकट्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या गप्प बसण्याने थोरल्याचं डोकं आणखीच फिरलं. एक थोबाडीत बसली. दुसरी कानाखाली. धाकट्याचा ओठ फुटला. त्याने भावाला ढकललं आणि दोघेही टेबलासकट कोसळले. धाकटा वर आला. त्याने मूठ उगारली. थोरल्याच्या नाकासमोर ती क्षणभर तशीच राहिली, मग हळूहळू उघडली.

थोरल्याने ती संधी साधली. त्याला लाथेने बाजूला सारलं, भट्टीतले ट्रे ओढायची लोखंडी सळई उचलली आणि मशीनवर हाणली. झाकण फुटलं. दुसऱ्या फटक्याला घरघर थांबली. तिसऱ्या फटक्यासाठी त्याने सळई डोक्यावर नेली.

तो फटका मशीनवर पडलाच नाही. मागे उठून उभा राहिलेला धाकटा कपाळ धरून मटकन खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त सांडलं, जमिनीवरच्या मैद्यात मिसळलं.

आवाज ऐकून थोरल्याची बायको दुकानातून धावत आत आली.

“मारून टाकलंत हो त्याला!”

“मी... मी मशीनवर मारत होतो.” थोरला आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होता. “सुटली. हातातून सुटली.”

“खरं बोलतोय तो, वहिनी,” धाकटा म्हणाला. “तीन महिने झाले. त्याच्या हातातून सगळंच सुटतं.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. घरात फुटलेल्या कपांचे तुकडे तीच तर उचलत होती.

“त्याचा पिठाशी काय संबंध?” थोरल्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

धाकट्याला हे कधीच बोलायचं नव्हतं. “तुझ्याच्याने पीठ मळलंच जात नाही आता, दादा. पाव फुगत नाही. कच्च्या पिठाची वेणी भट्टीत उकलते. तू चहाला गेलास की मी तुझा गोळा टाकून देतो आणि फडक्याखाली मशीनचा ठेवतो. वेण्या तूच घालतोस ना? मग पाव उस्तादाचाच.”

 थोरल्याने खुंटीवरचं धुतलेलं फडकं ओढलं आणि भावाच्या कपाळावर धरलं. बोटं नीट मिटेनात. त्याने तळव्याने दाबून धरलं.

“चल दवाखान्यात.”

“एवढं काही लागलं नाही मला. दोन टाके पडतील फार तर.”

“गप बस, गाढवा,” थोरला म्हणाला. “तुझे टाके झाले, की डॉक्टरांना माझे हात दाखव.”