पाव्यावरचं नाव

हितेंद्रनं पिशवी ओट्यावर उलटी केली. पत्र्याचे पावे खणखणत एकमेकांवर पडले.

"बघ सुनिता. एकावर तरी माझं नाव दिसतं का?"

नव्हतं दिसत. तोंडाजवळच्या लाकडी बुचाखाली जिथं लेबल लावलेलं असायचं, तिथं नुसता चकचकीत पत्रा होता. एका पाव्यावर तेवढी कागदाची किनार उरली होती. धुळ्याच्या एका शाळेनं हा सगळा माल परत पाठवला होता. आवाजाबद्दल तक्रार नव्हती. पण बिननावाचा हा माल नक्की कुठला, असं तिथल्या कुणीतरी विचारलं होतं, आणि ते हितेंद्रला झोंबलं होतं. जळगावात त्याचं 'चारुलता हस्तकला' नावाचं दुकान होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या पाड्यात सुनिता जे पावे घडवायची, ते सगळे त्याच नावानं विकले जायचे.

पावे मुळात ठाकऱ्याचे. ठाकऱ्या म्हणजे सुनिताचा सासरा. बांबूचे पावे उन्हाळ्यात तडकतात, म्हणून त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, सळईवर गुंडाळला आणि ठोकून ठोकून पावा केला. त्याचा मुलगा लखन काही एका जागी बसणाऱ्यातला नव्हता. सून बसली. म्हाताऱ्यानं सगळी विद्या तिच्या हाती दिली आणि एका हिवाळ्यात तो गेला.

त्यानंतर हितेंद्र लेबलं घेऊन आला. त्या दिवशी सुनिता त्याच्याशी भांडली होती. नाव लावायचंच तर आबांचं लावा, म्हणाली होती. "ठाकऱ्याला जळगावात कोण ओळखतं?" असं म्हणून हितेंद्र हसला होता. तिनं मोठ्या आशेनं सासूकडं पाहिलं. नानीबाईनं लेबलांचा गठ्ठा मांडीवर ओढला आणि म्हणाली, "आण, मी चिकटावस."

नवऱ्याच्या कामावर परक्याचं नाव चिकटवायला ही बाई स्वतः होऊन बसली! सुनिताच्या मनात अढी बसली ती बसलीच. तेव्हापासून एका चुलीवर जेवूनही दोघी कामापुरतंच बोलायच्या.

"घामानं निघत असतील," लखन पाव्यांकडं बघत म्हणाला.

"म्हणून तर हे आणलंय." हितेंद्रनं खिशातून पोलादी ठसा काढला. त्याच्या तोंडावर दुकानाचं नाव उलट्या अक्षरांत कोरलेलं होतं. "आता प्रत्येक पाव्यावर हा ठोकायचा. पावा गंजून जाईल, नाव जाणार नाही. हं लखन, दाखव एक ठोकून."

लखननं नवा पावा ऐरणीवर ठेवला, ठसा टेकवला आणि हातोडा उचलला. सुनितानं झटक्यात खालून पावा ओढून घेतला. हातोडा बसला, ठसा उडाला, आणि रिकाम्या ऐरणीचा नाद सगळ्या अंगणात घुमला.

"कागदले हो म्हटलं व्हतं, शेठ," ती म्हणाली. "पत्राले नही."

हितेंद्रचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. "मग माझ्या दुकानात तुझा माल नाही. आजपासून नाही."

"नका ठेवू. मी बाजारमा बससू. तठे लोक नाव नही वाचतस, वाजाडीसन देखतस."

"येडी व्हयनी का तू?" लखन ओरडला. "परत सावद्याले जावानं का? केळीना घड उचलाले?"

"जासू. घडबी उचलसू. पन हाऊ ठसा मना घरमा नही."

पावा तिनं छातीशी घट्ट धरला होता. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही हे हितेंद्रच्या लक्षात आलं. तो दाराशी बसलेल्या नानीबाईकडं वळला.

"नानीबाई, घरातलं मोठं माणूस तुम्ही. तुम्हीच सांगा सुनेला."

नानीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. खाली पडलेला ठसा तिनं उचलला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला. सुनिताला वाटलं, आता ही लखनच्या हातात ठसा देणार, पावा टाक म्हणणार, आणि आपण काय करणार?

नानीबाईनं ठसा हितेंद्रच्या रिकाम्या पिशवीत टाकला आणि पिशवी त्याच्यापुढं धरली.

"तुमनं सामान, शेठ."

लखननं हळूच हातोडा खाली ठेवला. हितेंद्र पिशवी घेऊन तरातरा गाडीपर्यंत गेला. किल्ली लावली. पण त्याला राहवेना, तो मागं वळला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं.

"एक सांगा नानीबाई. डिंक मी भारीतला दिला होता. दुकानातल्या बाकी मालावर हीच लेबलं, हाच डिंक. नखानं खरवडली तरी निघत नाहीत. मग तुमच्याकडचीच का गळतात?"

"तुमना डिंक तसाच शे, डब्बामा," नानीबाई म्हणाली. "झाकनबी उघाडेल नही. मी पीठनी पेज लावस. पानी जास्ती, पीठ कमी."

सुनिता सासूकडं बघतच राहिली. इतक्या दिवसांत तिनं त्या हातांकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

नानीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मना धनीना कामवर तुमनं नाव कितला दिन राही, ते मीच ठरावस."