सातवा वीरगळ

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधल्या वीरगळांच्या यादीत सात दगड होते. शिवांजलीला सहाच सापडले. लढाईत पडलेल्या वीराचा तो सातवा कोरीव दगड, लांबी ११२ सेंटिमीटर, आज नोंदवला नाही तर उद्या रस्तारुंदीकरणात फुटणार होता. दिवसभर पेठा पालथ्या घालून वैतागलेली ती पुन्हा रंगुबाईंच्या दारात आली आणि पायरीवरच बसली.

"मावशी, नीट आठवा ना."

"हितं वीरबीर कुणी न्हाई, पोरी. तिसऱ्यांदा सांगतीया," भाजी निवडत रंगुबाई म्हणाल्या. "आन् पायरीवर चपला नगं ठिवूस. खालच्या अंगाला घोड्यावरचा देव हाय. त्याला पाय लागू नये म्हणून सासऱ्यांनी पालथा घातलाय."

शिवांजलीने उठून पायरीला मोजपट्टी लावली.


लांबी ११२ सेंटिमीटर.