दोन घावांच्या मध्ये

मरणाच्या दारातून परतलेला माणूस बारीकसारीक गोष्टींच्या पलीकडे जातो, असं कुमासीचे डॉक्टर म्हणाले होते. माझी बायको अफ्रिये लिम्फोमाच्या सगळ्या केमो संपवून घरी आली आणि पहिल्याच दिवशी उखळापाशी जाऊन बसली.

"सहा महिने भात खाल्ला. मी काय चिमणी आहे? मुसळ उचल, ओबेंग."

केमोने तिची बोटं तेवढी अजून बधिर होती. किरकोळ आहे, जाईल किंवा राहील, असंही डॉक्टर म्हणाले होते.

तीस वर्षं आमच्याकडे फुफू, आमचं रोजचं जेवण, असंच होतं. मी उकडलेला कसाव्याचा कंद कांडून त्याचा गोळा करतो आणि दोन घावांच्या मध्ये हात घालून ती गोळा उलटते. खाली न बघता, कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलत. आजही ती बोलतच होती. मी मुसळ वरच धरून ठेवलं.

"दमलास एवढ्यात? आजारी मी होते."

"हात काढ."

"काढलाय की."

मग दोघांनीही उखळात पाहिलं. तिने हात बाहेर काढला आणि तो खरंच निघालाय का, ते पुन्हा एकदा पाहिलं.

कसावा कोंबड्यांना घातला. उखळ धुऊन पालथं ठेवलं. मी भात टाकला. तो वीस मिनिटांत होतो.