गोड गोळी

टीबीच्या पेशंटनं गोळी खरंच गिळली का, ते आता मोबाइल बघतो म्हणे. म्हणून गावची आशा सेविका विशाखा रोज मलप्पामामांच्या ओसरीवर जायची आणि ते गोळी गिळतानाचा व्हिडिओ ॲपवर टाकायची. दिवाळीनंतर गोळ्याच यायच्या बंद झाल्या. तिनं तालुक्याच्या साहेबांना फोन लावला.

"येतील तवा येतील. तोवर पांढरं पेपरमिंट दे त्याला. गिळताना दिसला म्हंजे झालं. ॲपवर आपला तालुका हिरवा राहिला पाहिजे."

काम जाईल या भीतीनं विशाखानं ऐकलं. मामांना काही कळू दिलं नाही. ते खोकत खोकत हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "ताई, ही नवी गोळी लई गोड हाय बघा."

फेब्रुवारीत नांदेडला सत्कार झाला, एकही दिवस न चुकवणारा तालुका म्हणून. मागं पडद्यावर मामा पेपरमिंट गिळत होते आणि हॉलभर टाळ्या पडत होत्या. साहेबांनी पेढा विशाखाच्या तोंडाशी नेला. "घे, गोड हाय."

तिनं तोंड फिरवलं.



"मलप्पामामाबी गोडच म्हणायचे, साहेब. परवा माती दिली त्यांना."