बेटावरची राखण

"हा कोपरा धरा. आणि ओढा जरा, सुरकुती राहायला नको," सुमतीबाई म्हणाल्या.

कमलाकरांनी प्लास्टिकचा कोपरा धरला. त्यांच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट होता आणि डोक्यावर सुनेने, रुचिराने, आणून दिलेली गवती हॅट. समोर निळाहिरवा समुद्र, मागे नारळाची झाडं आणि मध्ये किनाराभर, हत्तींचा कळप झोपल्यासारखे, करडे गुळगुळीत दगड. सेशेल्सच्या या एवढ्याशा बेटावर जगभरातून माणसं येतात ती या दगडांशेजारी उभं राहून फोटो काढायला. सुमतीबाईंनी त्यातला एक सपाट दगड निवडून ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला होता.

"अगं, पण हे काय आहे?"

"प्लास्टिक."

"ते दिसतंय मला!"

सुमतीबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. आत शिजवलेला साबुदाणा होता, जिरं-मिरची घातलेला. एकेक पळी प्लास्टिकवर सोडून, पळीच्या पाठीने गोल फिरवत त्या पापड घालू लागल्या.

कमलाकर मटकन वाळूत बसले. सकाळी कॉटेजच्या स्वयंपाकघरातून वास आला, तेव्हा त्यांना वाटलं होतं, नाश्त्याला खिचडी आहे.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलाने, सत्यजीतने, ही सहल भेट दिली होती. फोनवर त्याने आईला जगभरचे फोटो दाखवले. पॅरिस झालं, स्वित्झर्लंड झालं. सुमतीबाई नुसत्या "छान आहे हो" म्हणत राहिल्या. हे दगड आले तेव्हा मात्र त्यांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.

"इथे ऊन कसं असतं रे?"

"कडक. का गं?"

"आणि माणसं?"

"फार नसतात. शांत आहे एकदम."

"कावळे?"

"कावळे कशाला असतील, आई?"

"मग हेच."

"बाबा, आईंना एकांत हवाय!" रुचिरा ओरडली. कमलाकर कानापर्यंत लाल झाले. पण मनातून सुखावलेही. पनवेलच्या त्यांच्या जुन्या घरात सदा पंगत उठल्यासारखी माणसं असायची. दोघांनीच कुठे जायचं राहूनच गेलं. माथेरान ते केवढं जवळ, तिथेही गेले ते आत्याबाईंना आणि त्यांच्या गुडघ्यांना घेऊन. आता रोडपालीच्या टॉवरमध्ये मुलगा, सून, नात. म्हणून विमानात त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं. कॉटेजच्या आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. 'सुमती, आता आपण दोघंच.' ते एखाद्या मोठ्या दगडावर बसून, सूर्यास्ताच्या सुमाराला म्हणायचं होतं.

आणि दगडावर हे पापड.

"म्हणजे तू दगड बघून बेट निवडलंस?"

"बघा ना किती तापलाय! नुसता तवा. आपल्याकडे सोसायटीने गच्चीला कुलूप घातलंय, आणि बाल्कनीत समोरच्या टॉवरची सावली."

"पनवेलच्या बाजारात ढीगभर पापड मिळतात, सुमती. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही."

"तिथे वाळलेले मिळतात," सुमतीबाई म्हणाल्या, आणि पुढची पळी सोडली.

सायकलवरून चाललेली एक गोरी बाई थांबली. करड्या दगडावर ओळीने उमटलेल्या पांढऱ्या चकत्या तिने डोळे भरून पाहिल्या, चार बाजूंनी फोटो काढले आणि कमलाकरांना इंग्रजीत विचारलं, ही कलाकृती का?

"यस," कमलाकर खिन्नपणे म्हणाले.

बाईने हात जोडले आणि ती गेली. कमलाकर समुद्राकडे तोंड करून बसले. तास गेला, दीड तास गेला. मग सुमतीबाईंनी नारळाची एक वाळकी झावळी उचलली, तिची पानं ओरबाडून काढली आणि काठी कमलाकरांच्या हातात दिली.

"या. बसा इकडे राखायला."

"मी?"

"मग कोण? पन्नास वर्षांत दुसरा कोणी ठेवलाय का मी?"

कमलाकर कुरकुरत दगडावर चढले. सुमतीबाईंनी काठाचा एक पापड अलगद सोडवला. कडा वाळलेल्या, मध्ये अजून ओला, चिवट. त्याचे दोन तुकडे करून एक त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला. कमलाकरांनी तो तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. घरभर माणसं, दिवसा बायकोशी चार शब्द बोलायची चोरी. सुमती भर दुपारी गच्चीवर पापड राखायला बसायची. तेव्हा कमलाकर एकदा धीर करून आईला म्हणाले होते, "यंदा कावळे फार माजलेत. तिला एकटीला आवरायचे नाहीत." आणि काठी घेऊन वर गेले होते. मग रोजच जाऊ लागले. दोघांनी राखूनही त्या वर्षी पापड निम्मेच उतरले, आणि आईने महिनाभर कावळ्यांना शिव्या घातल्या.

कमलाकरांनी काठी मांडीवर आडवी घेतली. पाठ केलेलं वाक्य काही केल्या आठवेना. त्यांनी वर पाहिलं. आभाळ पार समुद्रापर्यंत रिकामं होतं.

"पण सुमती, इथे तर एकही कावळा नाही."

दुसरा पापड सोडवत सुमतीबाई म्हणाल्या, "तेव्हा तरी कुठे होता?"