भृंगराजाची नक्कल

धनेश पक्ष्याची साद ऐकून ऋजुताने रेकॉर्डर चालू केला आणि लगेच बंदही केला. पाठोपाठ त्याच फांदीवरून शेकरू ओरडलं होतं. म्हणजे हा तो लबाड भृंगराजच! जंगलात जे कानावर पडेल त्याची हुबेहूब नक्कल करायचा तो काळा पक्षी. पाखरांच्या आवाजांचा अभ्यास करायला उंच झाडावरच्या मचाणावर बसणाऱ्या ऋजुताला त्याने महिनाभर असंच बनवलं होतं.

एवढ्यात खालच्या दाट पानांतून मशीनच्या करवतीची घरघर ऐकू आली.

ओढ्यापलीकडे थांबलेला तिचा सहकारी तेलंग वॉकी-टॉकीवर ओरडला, "ऋजू, खाली उतर! कुणीतरी झाड कापतंय."

"वेडा आहेस का? राखीव जंगल आहे हे," ती हसली. "गेल्या महिन्यात पलीकडच्या डोंगरावर तोड झाली ना, तिथे शिकून आलाय आपला नकल्या."

तिचं बोलणं संपतंय तोच भृंगराज समोरच्या फांदीवर येऊन बसला. लांब शेपटी सावरत तिच्याकडे टक लावून बघू लागला. त्याची चोच मिटलेली होती.

करवत मात्र चालूच होती, आणि ऋजुताच्या पायांखालची फळी थरथरू लागली होती.