पहिल्या डिस्कचा शेवट

"हयच काप," स्टुडिओवाल्या रुपेशच्या स्क्रीनवर धुरीभाऊंनी बोट टेकवलं. दशावताराचं चित्रण एका डिस्कवर मावत नव्हतं, दोन तुकडे करायचे होते. म्हातारा राजा मेला की पहिली डिस्क संपवायची, म्हणजे मंडळातल्या प्रल्हादने रंगवलेला तरुण राजा दुसरीत जाईल. दुसरी डिस्क लावतो कोण? आयुष्यभर राजा रंगवला तो धुरीभाऊंनी. यंदा मंडळाच्या मालकाने ती भूमिका प्रल्हादला देऊन त्यांना म्हातारा राजा केलं आणि अर्ध्या नाटकातच मारलं होतं.

पण कापायला घेतलं की सॉफ्टवेअर बंद पडे. रुपेशने संगणक पुन्हा सुरू केला आणि तेवढाच भाग चालवून पाहिला. म्हातारा राजा मेल्याबरोबर प्रल्हाद आला, बाकड्यावर पाय ठेवून पद गायला त्याने तोंड उघडलं आणि स्क्रीन काळी. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"भाऊ, फाईल हयच खराब आसा. तुमच्या मरणाआधी कापूया, नायतर तेच्या पदानंतर."

"मी दुसऱ्या डिस्कवर मेलंय तर कोणाक कळतला?" भाऊ उसळले. मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "फुडसून लाव बघू. इतको आ करून तो गाता तरी काय?"

नाटकाच्या रात्री प्रल्हाद गायला उभा राहताच ते मुद्दाम चहाला निघून गेले होते.

रुपेशने खराब जागा ओलांडून पुढचं लावलं. पद खोलीत घुमू लागलं. भाऊंनी ओठ मुडपले, पण बोटं टेबलावर ताल धरू लागली.

"आता कापू?"

"थांब मरे! पद तरी पुरा होवंदे."